लोकशाहीर अण्णा भाऊ साठे

शिक्षण म्हणजे शाळा आणि शाळा सुटली म्हणजे शिक्षणही सुटले, असे आपण सहज मानतो. ज्यांना लहान वयात शाळा सोडावी लागली, त्यांच्या मनात तर ही समजूत खोलवर रुजलेली असते. परंतु मराठी साहित्यात असा एक लेखक होऊन गेला, ज्याच्या वाट्याला शाळा आली ती अवघी दीड दिवस. याच लेखकाने पुढे सुमारे ३५ कादंबऱ्या, अनेक कथासंग्रह, पोवाडे, लावण्या, लोकनाट्ये आणि एक प्रवासवर्णन लिहिले. त्याची गाणी गिरणीच्या दारात, शेतकऱ्यांच्या मेळाव्यात आणि मुंबईच्या मैदानांत हजारो माणसांनी ऐकली. या लेखकाचे नाव अण्णा भाऊ साठे. अक्षरे त्यांनी कोठे मिळवली आणि मिळवलेली अक्षरे कोणासाठी वापरली, या दोन गोष्टींत त्यांच्या आयुष्याचे सार सामावलेले आहे.

महाराष्ट्राच्या दक्षिण भागात, वारणा नदीच्या खोऱ्यात वाटेगाव नावाचे गाव आहे. आज ते सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात मोडते. पूर्वी ते सातारा जिल्ह्यात होते. या गावी १ ऑगस्ट १९२० रोजी भाऊराव आणि वालुबाई साठे यांच्या पोटी एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव तुकाराम ठेवण्यात आले. हाच तुकाराम पुढे अण्णा भाऊ या नावाने प्रसिद्ध झाला.

साठे कुटुंब मातंग समाजातील होते. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या या समाजाची वस्ती गावकुसाबाहेर असे. दोरखंड वळणे, केरसुण्या बांधणे, लग्नकार्यात आणि जत्रेत वाद्ये वाजवणे, गावाची राखण करणे अशी कामे या समाजाकडे असत. त्यांच्या वाद्यांवाचून गावाचा कोणताही सण साजरा होत नसे. मात्र त्या सणात त्यांना मानाची जागा नव्हती. त्यातच इंग्रज सरकारने केलेल्या गुन्हेगार जमातींविषयीच्या कायद्याचा जाच होता. एखाद्याने गुन्हा केला आहे की नाही हे न पाहता, केवळ तो अमुक जमातीत जन्मला म्हणून त्याला संशयित ठरवणारा हा कायदा होता. त्याच्या अंमलाखाली सापडलेल्यांना ठरावीक वेळी हजेरी द्यावी लागे. आपल्या माणसांना चोर म्हणून मोजले जात असल्याचे शल्य तुकारामच्या मनात बालपणीच रुतले.

अशा परिस्थितीत तुकारामला शाळेत घालण्यात आले. परंतु वर्गात अस्पृश्यतेची वागणूक मिळाली आणि अक्षरे गिरवता आली नाहीत म्हणून गुरुजींचा मारही खावा लागला. मानी स्वभावाच्या त्या मुलाने दुसऱ्याच दिवशी शाळेकडे पाठ फिरवली ती कायमचीच. मग रानावनात हिंडणे, दांडपट्टा फिरवणे, जत्रेतील पोवाडे आणि तमाशे ऐकणे यांत त्याचे दिवस जाऊ लागले. ऐकलेले गाणे त्याच्या स्मरणात पक्के बसत असे. याच परिसरात होऊन गेलेल्या फकिरा नावाच्या शूर बंडखोराच्या गोष्टीही त्याने घरात आणि वस्तीत अनेकदा ऐकल्या. त्याची पाटी कोरी राहिली असली, तरी कान आणि मन भरत होते.

वडील भाऊराव पोटासाठी मुंबईस राहत. गावात दुष्काळ आणि दारिद्र्य यांनी जगणे अशक्य झाले, तेव्हा १९३० नंतरच्या काही वर्षांतच या कुटुंबाने गाव सोडून मुंबईची वाट धरली. गाडीभाड्याला पैसे नव्हते. म्हणून आईवडील आणि मुले तीनशे किलोमीटरांहून अधिक असलेले अंतर पायी चालत निघाली. वाटेत मिळेल ते काम करावे, मिळेल ते खावे आणि पुन्हा चालू लागावे, असा तो प्रवास होता. कामाच्या शोधात गाव सोडणाऱ्या माणसाचे दुःख अण्णा भाऊंच्या लेखनात वारंवार भेटते. ते त्यांनी असे स्वतःच्या पायांनी मोजले होते.

मुंबईत भायखळ्याच्या एका चाळीत या कुटुंबाला आसरा मिळाला. कोळसे वेचणे, हमाली करणे, फेरीवाल्याबरोबर गाठोडे घेऊन हिंडणे अशी नाना कामे तुकारामने केली. पुढे तो कापड गिरणीतही कामास लागला. या धडपडीतच त्याचे खरे शिक्षण सुरू झाले. दुकानांवरच्या पाट्या, भिंतींवर लावलेली चित्रपटांची जाहिरात-पत्रके आणि रस्त्यांची नावे हीच त्याची क्रमिक पुस्तके झाली. एक अक्षर ओळखायचे, तेच दुसऱ्या पाटीवर शोधायचे, न कळल्यास जवळच्या माणसाला विचारायचे, असे करता करता तो वाचू लागला. वाचनाची गोडी लागल्यावर पुस्तके आणि वर्तमानपत्रे हाती आली. रशियन लेखक मॅक्सिम गॉर्की याच्या साहित्याने तर त्याच्या मनाची पकड घेतली. गॉर्कीही दारिद्र्यात वाढलेला आणि शाळेवाचून शिकलेला लेखक होता.

त्या वेळी मुंबई हे कापड गिरण्यांचे शहर होते. कोकणातून आणि सातारा भागातून आलेले कामगार चाळींतील एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. त्यांचे संप, मोर्चे आणि सभा यांनी परळ-लालबागचा भाग नेहमी गजबजलेला असे. या सभांना जाता जाता अण्णा भाऊ कामगार चळवळीत आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात ओढले गेले. माटुंग्याच्या लेबर कॅम्प या वस्तीत ते काही काळ राहिले. तेथील डासांच्या उपद्रवाने माणसे हैराण झाली होती. अण्णा भाऊंनी त्या डासांवरच एक पोवाडा रचला. वीरांच्या पराक्रमासाठी असलेला हा काव्यप्रकार त्यांनी गरिबांचे रक्त पिणाऱ्या मच्छरांसाठी वापरला! ऐकणारी माणसे पोट धरून हसली. आणि हसता हसता आपल्या वस्तीच्या दुर्दशेचा विचारही करू लागली. विनोदाच्या पोटात विचार ठेवण्याची ही हातोटी अण्णा भाऊंनी अखेरपर्यंत सोडली नाही.

गिरणीतील काम सुटल्यावर अण्णा भाऊ पुन्हा वाटेगावी आले. तेथे त्यांचे चुलतभाऊ बापू साठे यांचा तमाशाचा फड होता. त्या फडात ते सामील झाले. आवाज, पाठांतर आणि वाद्यांवरील हात या तिन्ही गुणांमुळे ते लवकरच फडाचा आधार बनले.

येथे तमाशाविषयी थोडे जाणून घेतले पाहिजे. तमाशा हा महाराष्ट्रातील लोकांचा जुना रंगप्रकार. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज यांच्या साथीने तो उघड्यावर रंगतो. आरंभी गणपतीची स्तुती करणारा ‘गण’ असतो. त्यानंतर कृष्ण आणि गवळणी यांच्यातील थट्टेची ‘गवळण’ येते आणि शेवटी ‘वग’, म्हणजे गद्य आणि गाणी यांतून सांगितलेली कथा, सादर होते. ‘सोंगाड्या’ हे विनोदी पात्र साऱ्यांना हसवत असते. तमाशा रंगवणारे कलावंत बहुतांशी अस्पृश्य मानलेल्या जातींतले असत. प्रतिष्ठित समाज तो चोरून पाहत असे आणि उघडपणे त्याला नावे ठेवत असे. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाच्या आणि पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अनुयायांनी याच प्रकाराला ‘जलसा’ हे रूप देऊन त्यातून समाजसुधारणेचा प्रचार केला होता. ही परंपरा अण्णा भाऊंच्या पाठीशी होती.

पुढे ते पुन्हा मुंबईला परतले, तेव्हा त्यांच्याजवळ दोन गोष्टी होत्या : गावाने दिलेली कला आणि शहराने दिलेला विचार. या दोहोंचा मेळ लवकरच जमला. दुसरे महायुद्ध चालू होते. रशियातील स्टालिनग्राड शहराने हिटलरच्या फौजांना दिलेली झुंज १९४३ साली विजयात संपली होती. त्या झुंजीवर अण्णा भाऊंनी पोवाडा रचला. ते शहर त्यांनी कधी पाहिले नव्हते; परंतु आपले गाव, आपले घर राखण्यासाठी लढणारा माणूस त्यांना परका वाटला नाही. मराठी कामगारांनी तो पोवाडा डोक्यावर घेतला. याच सुमारास बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि लाखो माणसे अन्नावाचून मेली. ‘बंगालची हाक’ या पोवाड्यातून अण्णा भाऊंनी ते दुःख महाराष्ट्रातील चाळीचाळींत पोहोचवले. स्वतः भूक सोसलेल्या माणसाला भुकेची भाषा वेगळी शिकावी लागली नाही.

१९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तीन शाहिरांनी मिळून ‘लाल बावटा कलापथक’ स्थापन केले. बावटा म्हणजे झेंडा. अमर शेख हे बार्शीचे. माणसांचा समुद्र भारून टाकील असा त्यांचा खडा आवाज होता. गव्हाणकरही कवी आणि गायक होते. एक मातंग, एक मुसलमान आणि एक हिंदू सवर्ण घरातला, असे हे तिघे एका व्यासपीठावर उभे राहून गाऊ लागले, ही गोष्टच त्या काळातील अनेक भिंती पाडणारी होती. पथकाजवळ नाट्यगृह नव्हते, पडदे नव्हते. कामगारवस्तीतील मोकळे मैदान किंवा खेड्यातील पार हाच त्यांचा रंगमंच.

या पथकासाठी अण्णा भाऊंनी ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘बेकायदेशीर’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ अशी अनेक वगनाट्ये लिहिली. ती लिहिताना त्यांनी तमाशाचा साचा मुळापासून बदलला. गणात गणपतीऐवजी मातृभूमीला, हुतात्म्यांना आणि श्रम करणाऱ्या जनतेला वंदन येऊ लागले. गवळण त्यांनी वगळली. राजाराणीच्या कथेऐवजी शेतकरी आणि कामगार, सावकार आणि काळाबाजारवाला, मते मागणारा शेटजी आणि भोळा दिसणारा पण हुशार मतदार अशी पात्रे आली. सोंगाड्या मात्र त्यांनी ठेवला. कारण सत्ताधाऱ्याच्या तोंडावर सत्य सांगण्याची मुभा लोकपरंपरेने त्यालाच दिलेली आहे. ढोलकीचा ठेका जुना, भाषा वारणाकाठची आणि विषय ताजे, अशा या खेळांना प्रेक्षक तुडुंब गर्दी करीत. या प्रेक्षकांपैकी अनेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. पुस्तक त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत नव्हते, पण गाणे पोहोचत होते. आपण स्वतः अक्षरांसाठी किती झगडलो, हे अण्णा भाऊ विसरले नव्हते. म्हणूनच अक्षर न येणाऱ्या माणसाला विचारांपासून वंचित ठेवणे त्यांना मान्य नव्हते.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. पण फाळणीच्या दंगलींनी त्या आनंदाला रक्ताचा डाग लागला. ‘पंजाब-दिल्लीचा दंगा’ या पोवाड्यात अण्णा भाऊंनी धर्माच्या नावाने चाललेल्या कत्तलीचा निषेध केला. स्वातंत्र्य आले तरी भाकरीचा आणि मानाचा प्रश्न सुटलेला नाही, असे ते आपल्या खेळांतून सांगत राहिले. सत्तेला हे रुचणे शक्य नव्हते. तेव्हाच्या मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध घातले आणि लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवरही बंदी आली. पथक विखुरले, पण कला थांबली नाही. तमाशा या नावाला चिकटलेली हीन समजूत झुगारून तोच रंगप्रकार ‘लोकनाट्य’ या नव्या नावाने आणि नव्या प्रतिष्ठेने उभा राहिला. या परिवर्तनात अण्णा भाऊंचा वाटा फार मोठा आहे. पुरोगामी कलावंतांच्या ‘इप्टा’ या देशव्यापी नाट्यसंघटनेच्या अखिल भारतीय अध्यक्षपदाचा मानही त्यांना मिळाला.

यानंतर आले संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन. भाषेच्या पायावर राज्यांची रचना होत असताना मुंबईसह मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे, अशी मागणी १९५६ पासून तीव्र झाली. या आंदोलनात शंभराहून अधिक माणसांनी प्राण गमावले. अण्णा भाऊ, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या शाहिरीने महाराष्ट्र जागता ठेवला. मुंबई नेमकी कोणाची, हा प्रश्न अण्णा भाऊंनी ‘माझी मुंबई’ या लोकनाट्यात मांडला. जे घाम गाळून ही नगरी चालवतात त्यांची ती आहे, हे त्यांचे उत्तर होते.

याच काळात त्यांनी ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड लिहिली. छक्कड हा तमाशातील लावणीच्या जवळचा गीतप्रकार आहे. गावी पत्नीला सोडून मुंबईत आलेला एक गरीब कामगार तिच्या आठवणीने व्याकूळ होतो. तिचे रूप, तिचा साधा शृंगार आणि निरोपाचा क्षण त्याला आठवतो. ऐकणाऱ्या प्रत्येक गिरणी कामगाराची ही स्वतःचीच कथा होती. कारण बहुतेकांची बायकामुले गावीच राहत. पण गीत पुढे सरकते तशी ही ताटातूट मोठी होत जाते. बेळगाव, कारवार, निपाणी, डांग, उंबरगाव हे महाराष्ट्राबाहेर राहणारे प्रदेश म्हणजे जणू दुरावलेली मैनाच, असा अर्थ त्यातून उमलतो. एका माणसाचे विरहदुःख आणि एका समाजाचे राजकीय दुःख इतक्या सहजपणे एकत्र गुंफणारे गीत मराठीत विरळाच. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. मात्र गीतातील हे प्रदेश राज्याबाहेरच राहिले. त्यामुळे मैनेची व्याकुळता आजही ऐकणाऱ्याला भिडते.

शाहिरीबरोबरच अण्णा भाऊ कथा आणि कादंबऱ्याही लिहू लागले होते. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीतील एका लहानशा खोपटात ते सुमारे दोन दशके राहिले. त्यांचे बहुतेक गद्य लेखन तेथेच झाले. आजूबाजूची माणसे हीच त्यांची पात्रे. ‘स्मशानातील सोनं’ या कथेतला भीमा हा धिप्पाड मजूर खाणीतले काम बंद पडल्यावर, मुलाबाळांच्या पोटासाठी, पुरलेल्या प्रेतांबरोबर गेलेले सोने रात्री उकरून काढू लागतो. एके रात्री प्रेताच्या जबड्यात अडकून त्याची बोटे जायबंदी होतात. ती तोडावी लागतात, आणि नेमकी तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. काम करणारे हात गेल्यावर काम परत येते! बेकारी माणसाला कोठवर नेते हे सांगण्यासाठी लेखकाला वेगळे भाष्य करावे लागत नाही.

‘वैजयंता’ या कादंबरीत त्यांनी तमाशात नाचणाऱ्या स्त्रीचे जिणे रंगवले. जिच्या कलेवर लोक टाळ्या वाजवतात, तिलाच माणूस म्हणून मान मिळत नाही, हा विरोधाभास त्यांनी फडात राहून जवळून पाहिला होता. या कादंबरीवर १९६१ साली त्याच नावाचा चित्रपट निघाला. त्यांच्या इतरही काही कादंबऱ्या पडद्यावर आल्या.

त्यांची सर्वांत गाजलेली कादंबरी ‘फकिरा’ १९५९ साली प्रसिद्ध झाली. बालपणी ज्याच्या गोष्टी ऐकल्या, तोच वारणाकाठचा मातंग वीर तिचा नायक आहे. दुष्काळात आपली माणसे अन्नान्न करून मरू लागतात, तेव्हा फकिरा धान्य लुटून भुकेल्यांत वाटतो. सरकारशी झुंज देतो. आणि अखेर आपल्यामुळे निरपराध माणसांचे हाल होत आहेत हे पाहून स्वतःहून सरकारच्या स्वाधीन होतो. ज्या समाजाला कायद्याने गुन्हेगार म्हणून नोंदवले होते, त्याच्यातील एका पुरुषाला अण्णा भाऊंनी न्याय आणि स्वाभिमान यांसाठी लढणारा नायक म्हणून मराठी वाचकांपुढे उभे केले. सरकारी हजेरीच्या वहीला एका लेखकाने दिलेले हे उत्तर होते. ही कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ साली तिला महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार लाभला.

अण्णा भाऊ कम्युनिस्ट विचारांचे होते. तरी जातीच्या प्रश्नाकडे त्यांनी कधी काणाडोळा केला नाही. मुंबईत २ मार्च १९५८ रोजी पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन अण्णा भाऊंनी केले. पृथ्वी शेषनागाच्या मस्तकावर तोललेली आहे, अशी जुनी समजूत आहे. ती खोटी ठरवून, पृथ्वी दलित आणि कष्टकरी माणसांच्या तळहातांवर तरलेली आहे, असा विचार त्यांनी त्या प्रसंगी मांडला. पुढे मराठीत दलित साहित्याचा जो प्रवाह बळावला, त्याच्या उगमाशी हा विचार आहे.

१९६१ साली त्यांना सोव्हिएत रशियाला जाण्याची संधी मिळाली. ज्या देशातील एका शहरावर त्यांनी न पाहताच पोवाडा रचला होता, तो देश आता त्यांनी डोळ्यांनी पाहिला. एके काळी आईवडिलांबरोबर अनवाणी मुंबईला चालत आलेला मुलगा विमानाने परदेशी गेला होता. ‘माझा रशियाचा प्रवास’ या पुस्तकात त्यांनी तेथील अनुभव लिहिले.

मानसन्मान मिळाले, तरी अण्णा भाऊंचे दारिद्र्य संपले नाही. पुस्तके खपत होती, चित्रपट निघत होते. पण त्यांतला पैसा लेखकाच्या खोपटापर्यंत फारसा पोहोचत नव्हता. व्यवहार त्यांना कधी जमला नाही. संसारातही ताटातुटी आल्या. आंदोलनांची लाट ओसरली, जुने सोबती पांगले. हजारोंच्या गर्दीला हसवणारा आणि रडवणारा हा कलावंत अखेरच्या काळात आजारी आणि बराचसा एकाकी होता. १९६८ च्या सुमारास गोरेगावात त्यांना शासनाकडून घर मिळाले. परंतु त्या घराचे सुख फार काळ लाभले नाही. १८ जुलै १९६९ रोजी वयाच्या ४९ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्यांचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या दीड महिन्याच्या आत, २९ ऑगस्ट १९६९ रोजी, त्यांचे जिवाभावाचे सोबती अमर शेख अपघातात मरण पावले. मराठी शाहिरीचे दोन बुलंद आवाज एकाच पावसाळ्यात शांत झाले.

मृत्यूनंतर मात्र अण्णा भाऊंची कीर्ती वाढतच गेली. त्यांचे साहित्य अनेक भाषांत अनुवादित झाले. भारत सरकारच्या टपाल खात्याने २००२ साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. २०२२ साली रशियाची राजधानी मॉस्को येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला. विद्यापीठांत त्यांच्या पुस्तकांवर अभ्यास होतो. दीड दिवसाच्या शाळेनंतर ज्याच्यासाठी वर्गाचे दार बंद झाले, त्याचीच पुस्तके आज वर्गावर्गांत उघडली जातात.

तथापि पुतळे आणि पुरस्कार यांपेक्षाही एक गोष्ट अधिक लक्षात ठेवण्याजोगी आहे. अक्षरओळख झाल्यावर आपल्या माणसांपासून दूर जाणे, त्यांची बोली विसरणे, त्यांच्या कलेची लाज बाळगणे हा मार्ग अण्णा भाऊंना मोकळा होता. तो त्यांनी स्वीकारला नाही. पाट्या वाचून मिळवलेली अक्षरे घेऊन ते पुन्हा त्याच चाळींत, त्याच ढोलकीकडे, त्याच माणसांकडे परतले आणि त्यांच्याच भाषेत त्यांची कथा सांगत राहिले. त्यासाठी जी किंमत द्यावी लागली, ती त्यांनी खोपटात राहून दिली. रस्त्याने जाताना एखादी पाटी आपण अडखळत का होईना वाचू लागलो, तर याच वाटेने आपल्या आधी वाटेगावचा एक मुलगा चालून गेला आहे, याची आठवण ठेवावी.